येते म्हणाली होती

वसतिगृहाच्या मावशींना मुली पाठीमागे ‘सूचना’ म्हणायच्या. नाव अगदीच काही चुकीचं नव्हतं. जिन्यात, न्हाणीघरात, आरशाशेजारी, जिथे म्हणून भिंत रिकामी दिसेल तिथे मावशींच्या हातची एक सूचना चिकटवलेली असायची. इस्त्री बंद केली का ते परत जाऊन बघा. एका सॉकेटला सगळं गाव जोडू नका. आतून कडी लावूनच झोपा. काल आणलेला डबा आज खाण्याआधी हुंगून बघा. न्हाणीघरातल्या सूचनेखाली कुणीतरी पेन्सिलीने भर घातली होती, ‘श्वास घेत राहा’. मावशींनी ते पुसलं नाही. सल्ला वाईट नव्हता.

दर वर्षी नव्या मुली आल्या की मावशी त्यांना जेवणघरात बसवून बोलायच्या. झोप पुरी करा, पाणी प्या, नाश्ता चुकवू नका, अंगावर दुखणं काढू नका, कुठे जाता ते कुणाला तरी सांगून जा. मुली मान डोलवायच्या आणि मांडीवरच्या फोनकडे बघायच्या. पालथ्या घड्यावर पाणी, हे मावशींना ठाऊक होतं. पण इतकी वर्षं तेच ते ओतून आता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा झाला होता. तोंड आपलं बोलत राहायचं आणि मन संध्याकाळच्या भाजीपाशी जाऊन बसायचं.

परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली त्या सकाळी अख्खं वसतिगृह घरी निघालं. दारातलं अंगठा लावायचं यंत्र कधीचं आजारी होतं, आणि दुरुस्त करणारा माणूस ‘उद्या’ या शब्दात राहायला गेला होता. त्यामुळे मावशींची जुनीच पद्धत चालू होती. जाणाऱ्या मुलीने खिडकीशी यायचं, तोंड दाखवायचं आणि ‘येते’ म्हणायचं. आपल्यात जाताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, हे घरोघरी आजीने कानात घातलेलं असतं. सही करायला विसरणाऱ्या मुलीही येते म्हणायला विसरत नसत. तोंड दिसलं, येते ऐकू आलं, की मावशींच्या लेखी ती मुलगी गेली.

त्या सकाळी खिडकीशी रांगच लागली होती. येते हं मावशी. ये, नीट जा. येते मावशी. ये, पोचलीस की कळव. याच गर्दीत खांद्याला पिशवी लावलेली एक मुलगी आली. तिला सगळे ‘पुटपुट’ म्हणत, कारण तिचं बोलणं ओठांच्या बाहेर फारसं पडतच नसे. वर्गात सर तिला मोठ्याने बोल म्हणायचे, तर ती तेच वाक्य आणखी हळू बोलायची. ती खिडकीशी काहीतरी पुटपुटली. मागे दोघीजणी चाकांच्या बॅगा पायऱ्यांवरून धडधडत उतरवत होत्या. मावशींना शेवटचं तेवढं ऐकू आलं: “...येते.”

“ये, सावकाश,” मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

दुपारपर्यंत इमारत रिकामी झाली. मावशींची पाठ म्हणत होती, बस. गुडघे तर सकाळपासूनच म्हणत होते. त्यांच्या बहिणीने सांगून ठेवलं होतं, ये, नुसती झोप, मी उठवणार नाही, जेवायलासुद्धा नाही. पण जाण्याआधी एकेका मजल्याची वीज बंद करायची आणि पाणी तोडायचं, हा मावशींचाच नियम. एका वर्षी सुट्टीत कुणाची तरी शेगडी चालू राहिली होती आणि पडदा जळाला होता. तेव्हापासून त्या हे काम दुसऱ्या कुणाला सांगत नसत. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्या हाक मारायच्या, “कुणी आहे का गं?” थोडं थांबायच्या आणि मग स्विच खाली ओढायच्या. बोळाच्या टोकापर्यंत चालत जाऊन एकेक दार वाजवायचं, हे गुडघ्यांनी कधीच रद्द केलं होतं.

वरच्या मजल्यावरही त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. स्विच खाली. व्हॉल्व्ह बंद. मावशी खाली उतरल्या, आपल्या खोलीत आडव्या झाल्या आणि दिवस मावळायच्या आत झोपी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग भरून दारात ठेवली आणि त्या चपला शोधत असताना फोन वाजला. पलीकडच्या बाई कुठल्याशा बेकरीतून बोलत होत्या, पहाटपाळी संपवून घरी जायच्या आधी. त्यांनी मुलीचं कागदावरचं नाव सांगितलं, आणि ते कुणाचं, हे मावशींना क्षणभर कळेचना.

“हळू बोलते बघा ती,” बाई म्हणाल्या.

“हां, हां. बोला ना.”

“तिचा फोन लागत नाहीये कालपासून. अभ्यासात असेल. मीच म्हटलं होतं, सुट्टीत घरी आलीस तर धाकटी तुला पुस्तक उघडू देणार नाही, हॉस्टेलवरच राहा. पण एवढं सांगा, आईला एक फोन कर म्हणावं.”

मावशींनी चप्पल पायात घातली ती उलटी. “अहो, पण ती तर काल घरी गेली.”

“घरी? नाही हो, इथे नाही आली.”

“मला सांगून निघाली ना. खिडकीशी आली, येते म्हणाली.”

फोनवर मागे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. बाईंनी कुणाला तरी ट्रे हळू ठेवायला सांगितलं. मग म्हणाल्या, “येते म्हणाली ना? मग जाईल कशी?”

“म्हणजे?”

“आमची ती वाक्याची सुरुवात गिळते, मावशी. घरी पण तेच. शेवटचं तेवढं ऐकायला येतं. काहीतरी आणून येते, करून येते, असं म्हणाली असेल. तुम्ही नुसतं येते ऐकलंत.”

मावशींनी फोन ठेवला की तो हातातून सुटला, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. फाटकावरचे काका भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते. त्या मुलीला बाहेर जाताना पाहिलंत का, म्हणून विचारलं तर ते म्हणाले, नाही पाहिलं. पण मी तसं कुणालाच पाहत नाही, चष्मा दुरुस्तीला दिलाय. एरवी मावशींनी यावर त्यांना दोन शब्द सुनावले असते. आज त्या नुसत्या म्हणाल्या, “काका, वर या. पहार घेऊन या.”

जिना चढताना गुडघे काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं नाही. वरच्या मजल्यावर अंधार होता, आणि बंद पाण्याचा, बंद हवेचा एक वास होता. बोळाच्या टोकाची खोली. दार आतून बंद. कडी लावूनच झोपा.

मावशींनी दार वाजवलं, हाक मारली, पुन्हा वाजवलं. काकांनी पहार फटीत घातली, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि दाराला कान लावला. किती वर्षांत त्यांनी कुणाचं काही असं ऐकलं नव्हतं. आत काहीतरी सरपटलं. मग अगदी खालून, जमिनीच्या जवळून, आवाज आला.

“थांबा... कडी काढायला येते.”

मावशी थांबल्या. काका अधीर झाले तरी थांबल्या. कडी निघाली तेव्हा मुलगी दाराशी बसलेली होती, डोकं चौकटीला टेकवून. ओठांना पापुद्रे आले होते, आणि डोळे कुणीतरी अंगठ्याने आत ढकलल्यासारखे खोल गेले होते. खोलीत बादली, ओकाऱ्यांचा वास, आणि खिडकीत आंबलेला डबा. टेबलावर एनर्जी ड्रिंकचे रिकामे कॅन आणि पाण्याची कोरडी बाटली.

काका तोवर खाली धावले होते. रस्त्यावरून गाडी थांबवून आणेपर्यंत मुलीने जे काय सांगितलं, ते मावशींनी कान तिच्या तोंडाशी नेऊन, पुन्हा पुन्हा विचारून गोळा केलं. आदल्या दिवशी सकाळी तिच्या पोटात मळमळत होतं. जागरणं करून डोकं दुखत होतं म्हणून उपाशीपोटी गोळ्या घेतल्या होत्या, आणि त्याआधीच्या रात्री दोन दिवसांपूर्वीचा डबा खाल्ला होता. खिडकीशी येऊन ती म्हणाली होती, मावशी, बरं वाटत नाहीये, धुतलेले कपडे वर वाळत टाकून येते. पिशवीत ओले कपडे होते. मावशी ‘ये, सावकाश’ म्हणाल्या, तर तिला बरं वाटलं. वर गेली, चक्कर आली म्हणून जरा पडली. मग उलट्या, मग जुलाब. नळाला पाणी येईना. दिवा लागेना. फोन मेला.

“मी हाक मारली होती गं जिन्यातून,” मावशी म्हणाल्या.

“मी ओ दिली होती,” पुटपुट म्हणाली.

मावशींनी तिचं डोकं चौकटीवरून आपल्या खांद्यावर घेतलं.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने पुटपुटची मोठी बहीण शोभेल अशी होती. तिने नाडी धरली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि लघवी केव्हा झाली होती असं विचारलं. मुलीला आठवेना. डॉक्टर मावशींना बाजूला घेऊन म्हणाली, अंगातलं पाणी पार गेलंय, वर त्या गोळ्या. मूत्रपिंडांनी हात टेकलेत की नुसती रुसलीत, ते बघावं लागेल. सलाईन चालू करते. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर ठीक. नाही झाली तर मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं, आणि मग गोष्ट लांबेल.

मावशी मुलीच्या आईला फोन करून खरं ते सांगून मोकळ्या झाल्या. बहिणीलाही एक फोन केला. बहीण म्हणाली, म्हणजे याही वेळी नाही. मावशी म्हणाल्या, नाही. मग त्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसल्या. स्टुलाचा एक पाय आखूड होता. नळीतून थेंब पडत होता, आणि बाटली काही रिकामी होईना. आयुष्यभर पाणी प्या, पाणी प्या म्हणून मुलींच्या मागे लागलेली बाई आता एका मुलीला लघवी व्हावी म्हणून देवाला साकडं घालत बसली होती. देवसुद्धा म्हणत असेल, हिची सूचना आलीच.

पहिली बाटली संपली. दुसरी लावली. डॉक्टर दोनदा डोकावून गेली, आणि दोन्ही वेळा मावशींनी मान हलवली. दुसऱ्या वेळेला डॉक्टरने बाहेर जाऊन कुणाला तरी गाडी तयार ठेवायला सांगितलं.

उन्हं उतरता उतरता मुलीची आई आली. ठेंगणी, रुंद मनगटांची बाई, केसांत अजून बेकरीतलं पीठ. आधी तिने मुलीच्या कपाळाला हात लावला, मग पायांना, मग पांघरूण सारखं केलं. एवढं झाल्यावर ती मावशींकडे वळली. मावशी उठून उभ्या राहिल्या.

“तुमच्या भरवशावर ठेवली होती,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“हो,” मावशी म्हणाल्या.

“एकदा दार वाजवायचं होतं.”

“वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं.”

आईने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण बहुतेक पहाटेपासूनची पाळी, दुपारचा फोन आणि लांबचा प्रवास सगळं एकदमच अंगावर आलं. ती खाटेच्या कडेवर बसली. स्टूल एकच होतं, ते मावशींनी पुढे केलं. आईने मान हलवली. मग दोघीही खाटेच्या दोन बाजूंना टेकल्या, आणि मधे ती पोरगी, डोळे मिटून. आईचा डोळा लागत होता आणि ती दचकून उठत होती. मावशींना हे उठणं ओळखीचं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही पडा जरा, मी बघते. आई म्हणाली, मला माहितीय तुम्ही कशा बघता ते. बोलून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण तिने पिशवीतून एक पाव काढला, मोडला, आणि अर्धा न बघताच मावशींसमोर धरला. मावशींनी तो घेतला. कोरडा होता. तसाच खाल्ला.

बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला. डॉक्टर दारात आली, हातात कागद. आई उभी राहिली.

“मावशी,” पुटपुट म्हणाली.

दोघी वाकल्या. पण वाकायची गरज नव्हती. पुढचं वाक्य शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांनीही ऐकलं, आणि ते भल्या माणसासारखे कूस बदलून भिंतीकडे वळले.

“मला लघवीला जायचंय.”

आईने तोंडावर पदर धरला. मावशींना हसू आलं की रडू, कुणास ठाऊक; त्यांनी खाली वाकून खाटेखालच्या सपाता शोधायला घेतल्या, त्यात बराच वेळ लावला. डॉक्टरने हातातला कागद मुडपून खिशात घातला आणि म्हणाली, झाल्यावर मला सांगा, किती झाली तेही बघायचंय, लगेच हुरळून जाऊ नका.

आईने सलाईनची बाटली उंच धरली. मावशींनी दंडाला आधार दिला. त्यांचे गुडघे, आईचे झोपाळू पाय आणि मुलीचे लटपटते, अशी ती वरात दवाखान्याच्या बोळातून निघाली.

“हळू,” आई म्हणाली. “पडशील.”

“हळू नको,” पुटपुट म्हणाली. “घाई आहे.”