पान एकशे बारा

एर्मेक पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला सात वेळा चहा ओतला, दर वेळी वाटीच्या तळाशी दोन घोट. मानाच्या पाहुण्याला आम्ही असाच ओततो. वाटी काठोकाठ भरली की त्याने ओळखायचं, आता निघायचं. मला तर तो निघायलाच नको होता. किर्गिझ गणिताचा आणि गणनयंत्रांचा इतिहास लिहीत होता पोरगा. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी काही विचारायला आलं होतं.

"आपा, असानकुलोवांच्या नावावरची गणिती कोष्टकं तुम्ही केलीत म्हणता. पुरावा काय?"

"पान एकशे बारा काढ. एकतिसावी ओळ, शेवटचा आकडा सात आहे ना? चार हवा. बघ करून."

त्याने फोनवर केलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर. आम्ही सहा बायका दोन वर्षं गणनयंत्राचा दांडा फिरवत होतो, खांदे निकामी झाले.

"चारच येतो की!"

"कोष्टकं करणारे चोरांसाठी असा सापळा लावतात, बाळा. एक शेवटचा आकडा मुद्दाम चुकवायचा. कुणाचं धरण त्याने पडत नाही, पण चोर सापडतो. मी लावला बाहेरच्यांसाठी, आणि चोर निघाला आमचाच साहेब, असानकुलोव. वर नाव फक्त स्वतःचं, आम्हाला महिला दिनाला एकेक रुमाल."

"तेव्हा का नाही बोललात?"

"पदरात दोन पोरी होत्या. नोकरी गेली असती."

"तुमचं नाव पुस्तकात येणार म्हणजे येणार, आपा."

वर्षभर मी वाट पाहिली. या वयात शोभत नाही, पण अख्ख्या इमारतीला सांगून मोकळी झाले.

वसंतात तो पुस्तक घेऊन आला. असानकुलोववर अठरा पानं, फोटोसकट. मी भिंग घेऊन शोधत राहिले. शेवटी तळटीपेत माझं नाव सापडलं: 'या कोष्टकांत एकच चूक आढळते (पान ११२). ती आपल्या हातून झाल्याचे गणन-सहायक सायराकुल जुमालिएवा यांनी प्रस्तुत लेखकाजवळ मान्य केले.'

"प्रकाशन मंडळावर असानकुलोवांचा मुलगा आहे, आपा," एर्मेक पावाचा तुकडा कुस्करत म्हणाला. "बाकी सगळं कापलं त्यांनी. नाव तेवढं मी वाचवलं."

चौदा हजार आकडे बरोबर, ते त्याचे. एक चुकीचा, तो माझा. अंगाचा तिळपापड झाला.

"मग पुस्तकावरचं तुझं नाव का नाही काढून घेतलंस?"

जर्दाळूचा मुरंबा छान झालाय, तो म्हणाला. मी किटली उचलली आणि त्याच्या वाटीत ओतत राहिले. काठापर्यंत आला चहा, मग खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर ओघळला.

"आपा, अहो, चुकून भरली वाटी!"

"चुकून नाही, बाळा," मी म्हटलं. "माझ्या हातून चुकून कधीच काही झालं नाही."