एका रात्रीत उगवलेली शेपटी

"बोला, जलनाथ महाराज की जय!"

कळव्याच्या खाडीकाठचं जुनं मिठाचं गोदाम त्या सकाळी माणसांनी नुसतं फुलून गेलं होतं. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं खिडक्यांच्या गजांना लोंबकळलेली. ओट्यावर महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे भगव्या फडक्याखाली झाकलेली काचेची बरणी होती.

"जल म्हणजे काय?" महाराजांनी डोळे मिटून विचारलं. "जल म्हणजे जीवन! आणि जीवन म्हणजे काय? जीवन म्हणजे जल! समजलं?"

"समजलं!" गोदाम दणाणलं.

यात समजण्यासारखं नेमकं काय होतं, ते दाराशी उभ्या असलेल्या मालनला मात्र कळलं नाही. ती गावच्या शाळेत शिकवायची. वर्गातल्या एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं, तर तिनं त्याला खाली बसवलं असतं.

महाराजांनी फडकं ओढलं. बरणीत निळा मासा डौलात फिरत होता. त्याची लांब, झुळझुळीत शेपटी एखाद्या पैठणीच्या पदरासारखी पसरली होती. काल संध्याकाळी इथे आणलेल्या माशाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि डावा डोळा पांढरा पडला होता. आता शेपटी अखंड होती नि दोन्ही डोळे काळेभोर.

"डोळापण दिला गं माझ्या देवानं!" पुढे बसलेल्या कलावतीनं हंबरडा फोडला आणि ओट्यावर डोकं टेकलं. ती मालनची भावजय. मासा तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मालनच्या धाकट्या भावाचा, रघूचा होता.

रघू मुंबईत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. शिशाच्या धुळीत काम करता करता खोकला लागला, ताप येऊ लागला, आणि ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढल्यावर क्षय निघाला. डॉक्टरांनी सुया सुरू केल्या आणि घरी पडून राहायला सांगितलं. दिवसभर छताकडे बघून माणूस कंटाळतो, म्हणून छापखान्यातल्या मित्रांनी क्रॉफर्ड मार्केटातून हा लढाऊ मासा आणून दिला. रघूनं त्याचं नाव ठेवलं पैलवान. उशाशी बरणी ठेवायची, काचेवर बोट टेकवायचं, की पैलवान बोटामागे यायचा. रघूच्या तोंडावर हसू दिसायचं ते तेवढ्या वेळापुरतंच.

पुढे त्याच मित्रांना वाटलं, बिचारा एकटा आहे, त्याला सोबत हवी. त्यांनी त्याच जातीचा दुसरा नर आणून त्याच बरणीत सोडला. चहा होईपर्यंत पाण्यात परांच्या चिंध्या तरंगत होत्या. दुसरा मासा मेला. पैलवान जगला, पण शेपटीच्या जागी नुसत्या काड्या उरल्या आणि एक डोळा गेला.

मालननं त्याचं दुखणं अंगावर घेतलं. रघूचं दुखणं तिच्या हातातलं नव्हतं, हे होतं. रोज थोडं पाणी काढून साठवणीतलं स्वच्छ पाणी घालायचं, त्यात मिठाचे चार खडे, बरणी उबेला ठेवायची, उरलेलं खाणं लगेच काढून टाकायचं. काही दिवसांनी फाटक्या कडेला काचेसारखा पातळ, बिनरंगाचा पापुद्रा दिसू लागला.

"ताई, वाढतंय की गं!" रघू उशीवरून मान उचलून म्हणाला होता.

"वाढणारच. नख वाढतं तसं. घाण पाण्यात कुजलं नाही म्हणजे झालं."

पण कलावतीला एवढा धीर नव्हता. महाराजांचा शिष्य सहदेव घरोघर हिंडायचा. तो येऊन मासा निरखून गेला, रघूचा खोकला ऐकून गेला, आणि दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. "महाराजांना दृष्टांत झालाय. मासा रात्रभर आमच्या चरणी ठेवा. माशाचं जे होईल तेच मालकांचं होईल." मालन शाळेत असताना कलावती बरणी उचलून घेऊन गेली.

आणि आता शेपटी उगवली होती.

घरी आल्यावर मालननं बरणीच्या काचेवर बोट टेकवलं. मासा दुसऱ्या बाजूला निघून गेला.

"रघू, हा पैलवान नाही."

"नवा जन्म झालाय त्याचा. ओळख कशी राहील?"

"अरे, एका रात्रीत पर उगवत नाही! आपणच बघत होतो ना, किती हळू वाढत होतं ते? सहदेव रंग बघून गेला आणि बाजारातून तसाच दुसरा घेऊन आला."

"बघितलंस तू आणताना?"

मालननं बघितलं नव्हतं.

"वन्सं, पाया पडते तुमच्या," कलावती म्हणाली, "पण तोंडानं असं बोलू नका. कोप होईल."

त्या दिवसापासून रघू महाराजांचं तीर्थ पिऊ लागला. महाराजांची अट होती, सुई आणि तीर्थ एका अंगात नांदत नाहीत. रघूनं ठाण्याला जाणं बंद केलं. मालन रडली, भांडली, डॉक्टरांना घरी घेऊन आली. रघूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचंही खोटं नव्हतं. सुयांनी कानात गुणगुणायचं, चक्कर यायची, आणि बरं होणार की नाही हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. महाराज सांगत होते. सुरुवातीला त्याला हुशारी वाटली, तो उठून अंगणात बसू लागला. लोक मासा बघायला यायचे, बरणीला हळदकुंकू लावायचे, उदबत्ती ओवाळायचे. गोदामापुढची रांग वाढत गेली. त्या रांगेत खोकणारे होते, आंधळे होते, मूल न झालेल्या बाया होत्या, आणि आपल्या भावाचा मासा त्या सगळ्यांना तिथे ओढून आणतोय, हे मालन रोज शाळेत जाता येता बघत होती.

पावसाळा सरता सरता रघूच्या खोकल्यातून रक्त पडलं.

त्यानंतर एके दुपारी ठमाबाई दारात आली. जन्मभर मिठागरात राबलेली ही म्हातारी आता महाराजांचं गोदाम झाडायची. पदराखालून तिनं काचेची बाटली काढली.

"मास्तरीनबाय, यो मासा तुमचाच हाय ना?"

बाटलीत निळा मासा होता. शेपटी भरली होती, पण कड वेडीवाकडी आणि रंगानं फिकी. डावा डोळा पांढरा.

मालननं बाटली उजेडात धरली. "कुठं मिळाला, ठमाबाय?"

"महाराजांचे मागल्या अंगाला. सहदेवनं मना सांगला, खाडीन टाक. जिता जीव कसा टाकू? घरान रांजनान सोडला. डासांच्या अल्या खाऊन जगला बिचारा."

"तेव्हाच का नाही आलीस गं?"

म्हातारीनं मान खाली घातली. "भ्याले. त्यांचेकरं काम करतंय मी. आनि खरा सांगू? मनापन वाटला, बाबा देवमानूस हाय, तो करंल ता बराबरच आसंल. काल तुमचे भावाला बगला नि जीव राहिना."

मालननं ती बाटली रघूच्या उशाशी, पूजेच्या बरणीला टेकवून ठेवली. दोन्ही माशांनी एकमेकांना पाहिलं मात्र, कल्ले फुगले, पर ताठ उभे राहिले आणि दोघं काचेवर धडका मारू लागले. रघू बघतच राहिला. मग त्यानं बोट बाटलीवर टेकवलं. पांढऱ्या डोळ्याचा मासा भांडण सोडून बोटामागे आला.

रघूनं बोट हळूच मागे घेतलं.

"ताई," रघूनं विचारलं, "मग मी इतके दिवस काय प्यालो?"

"गोदामाच्या विहिरीचं पाणी."

कलावती भिंतीला टेकून उभी होती. ती रडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रघूला ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडासमोर धरला आणि मालनला बाहेर बोलावलं. "सुया अर्ध्यात सोडल्या की जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पुन्हा सुरू करतो. पण बाई, दोन्ही फुप्फुसं गेलीत. आधी यायला हवं होतं." ते रागावले नाहीत. असे पेशंट त्यांच्याकडे रोज येत असावेत.

घरी आल्यावर रघू म्हणाला, "मला सांगू नकोस डॉक्टर काय म्हणाले ते. तू दोन्ही मासे घे आणि गोदामात जा. सगळ्यांना दाखव."

गुरुवारी मालन भर आरतीत ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. पूजेचा मासाही तिनं बाटलीत घालून आणला होता; दोन्ही बाटल्या तिनं शेजारी शेजारी ठेवल्या. मासे फुलारले.

"महाराज, हा तुम्ही दिलेला. आणि हा, आम्ही आणलेला. तुमच्या शिष्यानं खाडीत टाकायला दिला होता. याचे पर आपोआप भरले, साध्या रांजणातल्या पाण्यात. डोळा मात्र भरला नाही, कारण गेलेला डोळा परत येत नाही. मग सांगा, तुम्ही बरा केलात तो कोण?"

सहदेव मागच्या दाराकडे सरकला. महाराजांच्या कपाळावरचा घाम मालनला स्पष्ट दिसला. क्षणभर तिला वाटलं, आपण जिंकलो.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उठली, दोन्ही बाटल्यांकडे तिनं डोळे विस्फारून पाहिलं आणि हात जोडले. "एकाचे दोन केले गं बाई! महाराजांनी एकाचे दोन केले!"

"जय!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. महाराजांनी हळूच डोळे मिटले, घाम पुसला आणि उजवा हात आशीर्वादासाठी वर केला. "जल एक, रूपं अनेक! समजलं?"

"समजलं!"

मालन घसा फुटेपर्यंत सांगत राहिली. ठमाबाईही पुढे झाली, "मीच नेलता यो मासा, माजे घरान व्हता!" असं कळवळून सांगू लागली. तिला कुणीतरी खांद्याला धरून बाहेर काढलं. बायका मात्र बाटल्यांना कुंकू लावायला वाकल्या होत्या. गर्दीतून बाटल्या छातीशी धरून बाहेर पडताना मालनच्या पाठीवर फुलं पडत होती.

घरी येऊन तिनं काय झालं ते सांगितलं तेव्हा रघू हसला, आणि हसता हसता खोकू लागला. दिवाळीनंतर, एका स्वच्छ सकाळी, तो गेला. शेवटच्या दिवसांत त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हटली होती. "सगळं आपल्या डोळ्यांसमोर हळूहळू वाढत होतं, ताई. मला घाई झाली."

त्याच्या मरणानंतर कळव्यात थोडी कुजबुज झाली. महाराजांनी मुक्काम हलवला आणि आंबिवलीला स्टेशनाजवळ नवं बस्तान मांडलं. तिथं रांग आणखी मोठी लागते, असं ऐकू आलं.

मालन रविवारी तिकडे जाऊ लागली. कलावतीही बरोबर यायची. दोघी रांगेच्या शेपटाशी उभ्या राहायच्या आणि एकेकाशी बोलायच्या. लोक तोंड फिरवायचे. एकानं दगड मारला. क्वचित कुणी थांबून ऐकायचं, पण ऐकून झाल्यावर पुन्हा रांगेत उभं राहायचं.

एकदा एका माणसानं कडेवरच्या तापलेल्या मुलीला सावरत चिडून विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं तरी काय? देवाला मानायचं नाही?"

"देवाला माना, नाहीतर नका मानू," मालन म्हणाली. "एवढंच विचारा, फडक्याखाली काय चाललं ते कुणी पाहिलं? रात्रभर वस्तू कुणाच्या ताब्यात होती? आणि जो बरं करतो म्हणतो, तो औषध सोडायला का सांगतो? खरं बरं करणाऱ्याला तपासणीची भीती वाटत नाही. हे तीर्थ प्यायचं तर प्या. पण पोरीला आधी डॉक्टरला दाखवा, आणि औषध अर्ध्यात सोडू नका."

"माझ्या नवऱ्यानं सोडलं होतं," कलावती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून सोडलं."

माणसानं तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग पुढे सरकलेल्या रांगेकडे पाहिलं. मागचे लोक ओरडू लागले, "अरे, चल ना पुढं!"

तो पुढे गेला.

मालननं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्या मागच्या बाईला म्हणाली, "ताई, जरा ऐकता का?"