नळ उघडण्याआधी

बाटल्यांच्या तळाशी दिसलेले पांढरे कण म्हणजे मळ नव्हता, औषध होतं, हे लीना खोतला कळलं तेव्हा दीड वाजला होता. बुदैया गावातला नवा नळ दोन वाजता सुरू होणार होता.

लीना रत्नागिरीची. बी.एस्सी. होऊन तीन महिन्यांपूर्वी, एकोणऐंशीच्या जानेवारीत, ती बहरीनला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. लोणच्याच्या बरणीला जराही डाग चालत नाही अशा घरात वाढलेली. म्हणून नमुन्याच्या बाटल्यांत पांढरं काही दिसताच तिने बारा बाटल्या घासून, विसळून, पुन्हा निर्जंतुक करून ठेवल्या. कुणाला विचारलंही नाही. आता जुन्या माहितीपुस्तकात ती तीच ओळ तिसऱ्यांदा वाचत होती: बाटलीतलं औषध पाण्यातल्या क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं. ते नसेल तर बाटली मनामाच्या प्रयोगशाळेत येईपर्यंत क्लोरीन आपलं काम करतच राहतो. नळाशी जिवंत असलेले जंतू बाटलीत मरून जातात आणि रिपोर्ट 'शून्य' येतो.

बुदैयात मात्र टाकीपासून नळापर्यंत पाणी चार मिनिटांत पोचत होतं. क्लोरीनला जंतू मारायला तेवढाच वेळ, पिणाऱ्याला तेवढंच संरक्षण.

बुदैयाचे नमुने त्याच धुतलेल्या बाटल्यांतून आले होते, आणि 'शून्य' लिहिलेल्या रिपोर्टवर सही तिची होती.

तिने बँकेत भावाला फोन लावला. शैलेंद्रने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वेडी आहेस का? प्रोबेशनवर आहेस तू. व्हिसा त्यांच्या हातात. गप्प बस, सोमवारी नव्याने टेस्ट कर. कुणाला कळतंय?"

"आणि आज जे पितील ते, दादा?"

"इतकी वर्षं विहिरीचंच पीत होते ना?"

लीनाने फोन ठेवला. रिसीव्हर घामाने ओला झाला होता. कपाटात न धुतलेल्या दोन बाटल्या उरल्या होत्या. त्या पिशवीत घालून ती धावतच खाली गेली.

जीपचा ड्रायव्हर गणपत मालवणकडचा. बॉनेटवर टेकून तो शेंगदाणे खात होता.

"खय जावचा, ताई?"

"बुदैया. आत्ता. सरांना थांबवायचंय."

"पेत्कोविच सायबाक? त्याका कोण थांबयता?" तो हसला, पण तिचा चेहरा बघून शेंगदाणे खिशात टाकत आत बसला. "यल्ला, चला, बसा."

द्रागोल्युब पेत्कोविच, नळयोजनेचा इंजिनिअर आणि लीनाचा वरिष्ठ. पासपोर्टवर युगोस्लाव्हिया; पण विचारलं की सांगायचा, मी सर्बियाचा, मोराव्हा नदीकाठचा. अकरा वर्षं तो या बेटावर गावोगाव नळ घालत होता. धिप्पाड, आवाज असा की पलीकडच्या इमारतीत ऐकू जावा. चुकीचा व्हॉल्व्ह बसवणाऱ्या एका माणसाला भर रस्त्यात झापताना लीनाने त्याला पाहिलं होतं. नळ सुरू करायची त्याची रीत ठरलेली. त्याच्या मुलखात पाहुणा आला की चमचाभर मुरांबा आणि मग पेलाभर पाणी देतात. तसंच तो नव्या नळावर करायचा, पहिला पेला स्वतः प्यायचा, मग मुलांना. आता गावातल्या बायकाच खजुराचा मुरांबा करून आणत. मुरांबा तोंडात गेला की पाणी प्यायलाच हवं, नाही तर यजमानाचा अपमान, हेही गावांनी त्याच्याकडून उचललं होतं.

रस्ताभर लीना मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य 'व्हिसा' या शब्दाशी अडत होतं. एकदा वाटलं, गणपतला म्हणावं, वळव गाडी. तोंड उघडलंही.

"काय गो?" गणपत म्हणाला.

"काही नाही. जरा जोरात."

ते पोचले तेव्हा नळ वाहत होता. पंचवीसेक मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात पेला. खदिजा नावाची म्हातारी, जिच्या अंगणातून पाइप आणला होता, वाडगा धरून उभी. पेत्कोविचने चमचा तोंडात घातला होता. दुसऱ्या हातातला पेला ओठांकडे निघाला होता.

"सर, पिऊ नका!"

तिचा आवाज फाटला. सगळी माणसं वळली. पेत्कोविचचे गाल मुरांब्याने फुगलेले, भुवया वर.

"बाटल्या मी धुतल्या," ती म्हणाली. "औषध गेलं. शून्य खरं नाहीये. मला माहीत नाही या पाण्यात काय आहे."

त्याने घास गिळला. पेला ओठांपासून चार बोटांवर होता, खदिजाही त्याच्याकडेच बघत होती. मग त्याने पेला जमिनीवर ओतला.

"मफी! आज पाणी नाही," तो मोडक्या अरबीत गरजला आणि नळ बंद केला. खदिजाचा चेहरा पडला. रांगेतला एक मुलगा रिकामा पेला पालथा करून बघत होता. लीनाला वाटलं, आता पेत्कोविच आपल्यावर ओरडणार. पण तो फक्त म्हणाला, "बाटल्या आणल्यात?"

तिने त्या दोन बाटल्या पुढे केल्या. तिने त्या नळाखाली धरल्या, नळ पेत्कोविचने उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उबवणीपेटी उघडली. बुदैयाचं पाणी घातलेल्या काचेच्या पाच नळ्या आत होत्या; पाणी स्वच्छ असेल तर त्यांतला जांभळा रंग तसाच राहतो, जंतू असतील तर पिवळा होतो. पाचपैकी चार पिवळ्या झाल्या होत्या, आत वायूचे बुडबुडे. तिने पुन्हा मोजल्या. चारच. काल पाच मिनिटं उशीर झाला असता तर?

पेत्कोविचने नळ्या उजेडात धरल्या, फोन उचलला आणि वरच्या ऑफिसला सांगितलं की बुदैयाचा नळ बंद राहील, पहिला रिपोर्ट चुकला होता. पलीकडून काही विचारलं गेलं. त्याने लीनाकडे पाहिलं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तपासणी मिस खोत यांनी केली," तो म्हणाला. "चूक त्यांची. आणि काही न तपासता रिपोर्ट पुढे पाठवला तो मी. काल मला थांबवलं तेही त्यांनीच. तिन्ही गोष्टी लिहून घ्या."

फोन ठेवून तो लीनाला म्हणाला, "बाटल्यांत पुन्हा औषध घाला, उद्या बुदैयाचे नमुने तुम्हीच घ्यायचेत." लीनाने खुर्ची सोडली आणि बाटल्यांचं कपाट उघडलं.