पुरस्कार विभागून मिळणार नाही

आमच्या दादाला शांततेचा जागतिक पुरस्कार मिळणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. घोडं अडलं ते वहिनीपाशी. शेवटच्या फेरीत दोन नावं उरली आणि दोन्ही आमच्याच घरातली निघाली, दादाचं आणि वहिनीचं. दादा वकील, वहिनी नर्स. त्यात निवड समितीचा हेका असा, की पुरस्कार विभागून मिळणार नाही.

नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते. दादानं त्यांना एका टेबलाशी बसवलं, करार लिहिला, सह्या घेतल्या. वहिनीनं काय केलं, तर मधेच बोलणी फिसकटली तेव्हा लसींचा डबा खांद्याला लावून पूल ओलांडला आणि पलीकडच्यांची समजूत घालून त्यांना परत आणलं. आता मला सांगा, आमंत्रण द्यायला गेलेल्याला कुणी नवरदेव म्हणतं का? मी कुणाची भीडभाड ठेवत नाही, वहिनीची तर नाहीच. समितीची माणसं घरी यायच्या आदल्या दिवशी मी तिला भांडी पुसताना गाठलं.

"उद्या एवढंच म्हणायचं, की सगळं ह्यांनीच केलं. जीभ झडणार नाही तुझी."

"मला मानबिन नको, वन्सं," वहिनी म्हणाली. "पण माझं नाव सगळीकडे गाजलं तर बारक्याच्या कानावर जाईल. जिथं असेल तिथं ऐकेल. ताई अजून आहे, आपली वाट बघतेय, एवढं कळलं तरी येईल तो."

बारक्या तिचा धाकटा भाऊ, पलीकडच्यांचा पुढारी. तिच्या शब्दावर सगळ्यांच्या आधी एकटा आमच्या घरी येऊन राहिला आणि ऐन सह्यांच्या आदल्या रात्री पसार झाला. तेव्हा वहिनीनंच त्याला चारचौघांत पळपुटा म्हणून शिव्या घातल्या होत्या. तिच्या आईनं तर मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. पुढे वहिनीचा राग ओसरला आणि ती प्रत्येक सुट्टीत त्याला शोधत हिंडू लागली. पळालेला माणूस पत्ता ठेवून जातो का, असं मी तिला दर वेळी विचारायचे.

दुसऱ्या दिवशी समितीचे दोघं आले, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक प्राध्यापक बाई. दादा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसला होता. बाईंनी पहिला प्रश्न टाकला तो वहिनीला.

"बोलणी फिसकटल्यावर पलीकडचे परत आले, ते कशामुळे?"

मी डोळे वटारले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माझ्यामुळे. येणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा मी शब्द दिला. ह्यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता."

"मग वकीलसाहेबांनी नेमकं काय केलं?"

"करार लिहिला," वहिनी म्हणाली. "अक्षर चांगलं आहे ह्यांचं."

न्यायाधीशांना हसू आवरलं नाही. बाईही हसल्या. झालं, दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लहानपणापासून त्याला सगळं चालतं, फक्त कुणी हसलेलं चालत नाही.

"परत आले, पण सही कुणी करत नव्हतं," तो म्हणाला. "अलीकडच्या सेनापतींचा मुलगा बारक्याच्या माणसांनी मारला होता. बारक्या हाती लागल्याशिवाय ते पेनला हात लावणार नव्हते. आणि बारक्या असेतोवर पलीकडचे वाकणार नव्हते."

"पण तो तर पळाला," वहिनी म्हणाली.

"पळाला असं मी सांगितलं." दादा तिच्याशी बोलतच नव्हता. कोर्टात बोलतो तसा न्यायाधीशांकडे वळून बोलत होता. "आपला पुढारीच पळाला म्हटल्यावर पलीकडच्यांनी मान तुकवली. इकडे सेनापती खूश. सकाळी दोन्ही सह्या झाल्या. हिनं नुसता शब्द दिला, साहेब. मी माणूस दिला."

वहिनीच्या हातातली बशी कलली आणि चहा तिच्या मांडीवर सांडला. चटका बसला असणार, पण ती हलली नाही.

"कधी?" तिनं विचारलं.

"तू त्याला वाढून ड्यूटीवर गेलीस. जेवून गाढ झोपला होता. दार मीच उघडलं."

मला दादाची किळस आली. ज्याच्या जोरावर मी गावभर मिरवत होते, तो माझा सख्खा भाऊ, आणि त्याला आपण काय बोलून बसलो हे कळलंही नव्हतं. तो निकालाची वाट बघत होता.

"दुसरा मार्ग नव्हता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नव्हता."

"आणि त्यानंतर गोळीबार?"

"एकदाही नाही."

न्यायाधीशांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि मोडायच्या आत तोंडात टाकलं. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलाखतीतलं काही बाहेर जात नाही, निश्चिंत राहा. फार अवघड निर्णय होता तुमचा."

"आमच्या मनात आता किंतु उरला नाही," न्यायाधीश म्हणाले. "ज्यानं किंमत मोजली, पुरस्कार त्याचा."

"किंमत कुणी मोजली हो?" मी विचारलं.

"पाहुण्यांना पाणी आण," दादा म्हणाला.

मी पाणी आणलं. निघताना बाईंनी वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले. समारंभाला पहिल्या रांगेत तुमची खुर्ची असेल, थंडी फार असते, गरम कपडे आणा, असं बरंच काही बोलल्या. वहिनी मान हलवत राहिली. गाडी वळेपर्यंत दादा फाटकात उभा राहून हात हलवत होता.

तो आत आला, खुर्चीत बसला आणि सदऱ्याच्या बाहीचं बटण सोडायला लागला. वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्याला पुरलं कुठं?"

दादानं बटणावरची नजर वर उचलली. त्यानं खरंच आठवून पाहिलं.

"ते विचारायचं राहूनच गेलं गं," तो म्हणाला.