मला हार घातला तेव्हा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका परक्या भिंतीवर टांगलेले आहात. समोर गर्दी आहे. कोणीतरी तुमच्याकडे बोट दाखवून तुमचं भलतंच नाव सांगत आहे, आणि तुम्हाला तोंड असूनही बोलता येत नाही. अंगावरून शरम सरपटत जाते की नाही? आता डोळे उघडा. मी तसाच एक जुना फोटो आहे. काळापांढरा, लाकडी चौकटीतला, एका कोपऱ्यात वाळवीने कुरतडलेला.

माझा जन्म ठाण्यातल्या एका स्टुडिओत झाला. खाडीकाठच्या गावातून पुतळा नावाची एक तरुण बाई होडीने आली होती. बरोबर नवरा, सासू, नवऱ्याचा एक सोबती आणि मांडीवर तान्ही मुलगी. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा, पुढे ही अनवाणी माणसं. फोटोवाल्याने हलू नका म्हणून बजावलं. सगळ्यांनी श्वास रोखले. तान्हीने मात्र मान वळवून आईकडे पाहिलं, आणि माझ्यात तिचा चेहरा धुक्यासारखा पुसट उमटला.

"परत काढू या का?" फोटोवाल्याने विचारलं.

"नको," पुतळा म्हणाली. "पोर माज्याकडं बघतंय. तसंच ऱ्हाऊ द्या."

पुढे दोन पावसाळेही गेले नाहीत, तापाचं निमित्त होऊन पुतळा गेली. त्या मुलीला, म्हणजे चांगुणाला, आईचा चेहरा माझ्यामुळेच कळला. लग्न होऊन ती बोनकोड्याला आली तेव्हा मला पदराखाली धरूनच आली. सणासुदीला ती मला पदराच्या टोकाने पुसायची आणि हळूच विचारायची, "आय, जेवलीस का?" फोटोला याहून मोठं काय हवं? मी त्या भिंतीवर राजासारखा राहिलो.

मग जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत बांधायचं ठरलं. सामान हलवायच्या घाईत चांगुणाबाईंच्या नातवाने, रूपेशने, मला मोडका पंखा आणि गळक्या बादल्यांबरोबर भंगारात दिलं. कोपरखैरण्याच्या दुकानात मी रद्दीवर पालथा पडून राहिलो.

तिथून मला उचललं ते सातवीतल्या ईश्वरीने. ती नेरूळला राहणारी. तिच्या शाळेत एक उपक्रम होता: बेवारस जुना फोटो शोधायचा आणि त्यातली माणसं कोण होती याचा माग काढायचा. सुचिता मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, "फोटो घेऊन फिरा, म्हाताऱ्या माणसांना दाखवा. नाहीच कळलं तर 'माहीत नाही' लिहा. त्यात कमीपणा नाही."

ईश्वरी हुशार होती. तिने भिंगातून माझा कोपरा न् कोपरा पाहिला. गुडघ्यापर्यंत नेसलेली लुगडी, गळ्यातले दागिने, सगळं पुस्तकांतल्या चित्रांशी ताडून पाहिलं आणि ही इथल्याच जुन्या गावांतली आगरी माणसं आहेत हे अचूक ओळखलं. मला तिचा अभिमान वाटला.

"मग चल की," तिची आई वैजयंती म्हणाली. "बोनकोडे, घणसोली, जवळच तर आहे सगळं. कोणालातरी दाखवू."

"मम्मी, कोण ओळखणार? सगळे कधीच वारले असतील. उगाच उन्हात फिरायचं."

आणि शाळेतल्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, मैत्रिणींचे भरलेले तक्ते पाहून, तिने माझ्याखाली मनाने नावं लिहिली. पुतळा झाली 'गंगूबाई, स्वभावाने कडक'. तान्ही चांगुणा झाली 'थोरला मुलगा'. शेवटी तिने लिहिलं, 'यांपैकी आज कोणीही हयात नाही.' मग आदर दिसावा म्हणून मला चंदनाचा हार घातला.

प्रदर्शनात लोक माझ्यापाशी थांबत होते. "किती छान माहिती काढलीय पोरीने," असं म्हणत होते. ईश्वरी हसत होती, आणि मला काच फुटून खाली पडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या तुकडीतल्या नमिताच्या हाताला धरून एक म्हातारी आली. चालता चालता थबकली. मी तिला ओळखलं. ती नमिताची पणजी, चांगुणाबाई. मागून नमिताचा बाप रूपेश येत होता.

"रूपेश," ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "माजा फोटू माल्यावर हाय म्हनत होतास ना तू? बॉक्समदी?"

रूपेशची मान खाली गेली. "आजी, टेन्शन नको घेऊ, घरी जाऊन बोलू."

"घरी कशाला? आय तर हितंच हाय माजी." मग तिला हार दिसला, आणि ती तोंडाला पदर लावून हसली. "अगो बाय, कुनी घातला हा? या मांडीवर मी हाय. मी जित्ती हाय अजून."

हॉलमधले लोक हसले. ईश्वरी हसली नाही. जिवंत माणसाच्या फोटोला कोणी हार घालत नाही, एवढं तिला चांगलंच ठाऊक होतं. तिचे कान लालबुंद झाले.

"मना वाचता येत न्हाय," चांगुणाबाई तिला म्हणाल्या. "माज्या आयबद्दल काय लिवलंस? वाच बाय. लई वर्सांत तिचं नाव कुनी घेतलं न्हाय."

ईश्वरीने तोंड उघडलं. "गंगूबाई," ती कसंबसं म्हणाली. "स्वभावाने..." चांगुणाबाईंचं हसू हळूहळू विझलं. त्या रागावल्या नाहीत. नुसत्या पाहत राहिल्या, आणि ते पाहणं रागावण्यापेक्षा जड होतं.

मित्रांनो, आम्हा फोटोंना धूळ चालते, वाळवीही चालते. भंगारातले दिवसही मी सोसले. पण माझ्यातल्या माणसांना खोटं नाव चिकटवू नका. तुम्ही लिहिलेलं खोटं पुसायला आम्हाला हात नसतात. विचारायला मात्र तुम्हाला तोंड असतं.

ईश्वरीने सगळ्यांसमोर माझ्या गळ्यातला हार काढला. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना, शेवटी तिने तो दप्तरात कोंबला. तक्त्यावरचा कागद ओढून फाडला. चांगुणाबाईंना खुर्चीवर बसवलं, मला खिळ्यावरून उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती त्यांच्या पायाशी फरशीवर बसली, हातात कोरा कागद घेऊन.

"आजी, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्या आईचं नाव काय होतं?"

चांगुणाबाई सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. पुतळा, तिचा नवरा, सासू, मांडीवरची चांगुणा. राहिला तो कडेला उभा असलेला सोबती. चांगुणाबाईंनी पुष्कळ आठवून पाहिलं आणि मान हलवली.

ईश्वरीने पेन्सिल थोडा वेळ हातातच धरली. मग त्याच्यापुढे तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'माहीत नाही.'