कुठल्याच गाडीत न बसणारी ललिता

मित्रांनो, मी दौंड स्टेशनच्या फलाटावरचा एक जुना सागवानी बाक आहे. रेल्वेच्या सुतारांनी मला घडवले, तेव्हा येणारेजाणारे कौतुकाने हात फिरवत. आता माझा एक पाय खचला आहे, फळ्या झिजल्या आहेत. माणसे येतात, आपला शीण माझ्यावर टाकतात आणि गाडी आली की निघून जातात. शीण माझ्यापाशीच राहतो.

१९७५ च्या उन्हाळ्यात मात्र एक मुलगी रोज यायची आणि कुठल्याच गाडीत बसायची नाही. रेल्वे कॉलनीतल्या म्हस्कू फिटरची ती लेक, ललिता. वय अठरा. तिची सोयरीक जमत आली होती. बैठकीत एक पाहुणी बोलून गेली, "पोरगी पोटची न्हाई, पुण्याच्या आश्रमातनं आणलेली हाय." सोयरीक मोडली. त्याहून वाईट म्हणजे, ललितालाही ते त्याच दिवशी कळले.

तिची झोप उडाली, अन्न तुटले. शेजारणी म्हणाल्या, अंगारा लावा. भर दुपारी ती माझ्यावर बसून डब्यांच्या खिडक्यांतली बायकांची तोंडे बघायची. आपल्यासारखी हनुवटी कुणाची आहे का? गाडी हलली की तिचे डोके खाली जाई.

खुटबावचे कोंडिबा आबा दर गुरुवारी डोळ्यांच्या औषधासाठी दौंडला येत. एका गुरुवारी ते तिच्या शेजारी टेकले.

"कुठं जायचंय बाळ?"

"कुठंबी. परत यायचं नसलं म्हंजी झालं."

आबांची गाडी आली. ते उठले नाहीत. गाडी गेली. मग ललिताने बैठकीत काय झाले ते त्यांना सांगितले.

"मी बी दत्तक हाय," ते म्हणाले. "चुलत्यानं घेतलं. सख्खी आई त्याच आळीत. तिला काकी म्हणत म्हातारा झालो. लोक म्हणायचे, जमीन मिळाली, आनखी काय पायजे?"

"आबा, हे दुखायचं कवा थांबतं?"

"पुरतं न्हाई थांबत. पर आज तुला सांगितलं, तर जरा हलकं वाटलं."

त्या उन्हाळ्यात ललिता पहिल्यांदा रडली. आबांनी हमालाकरवी तिच्या आईला निरोप धाडला. साखरबाई अनवाणीच धावत आली.

"आम्ही काय कमी केलं गं तुला?"

"तसं नका इचारू, बाई," आबा म्हणाले. "तिला तिचं इचारू द्या."

ललिताने डोळे पुसले. "मला आणलं तवा मी रडले व्हते का?"

"तीन दिस. माझ्याकडं येतच नव्हतीस. आश्रमातल्या दाईचं हिरवं लुगडं व्हतं. तसा रंग दिसला की हात पसरायचीस. मग चवथ्या दिशी मी तसलंच लुगडं नेसले."

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तू जाशील म्हणून भ्याले व्हते."

पुढे ललिता दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागली. त्या औषध देत आणि तिचे सारे ऐकून घेत. काही दिवस बरे जात, काही नाही. वाईट दिवशी ती येऊन बसे, पण आता साखरबाई बरोबर असे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असे कुणी असेल, तर "तुझी खरी आई कुठाय?" म्हणून खिजवू नका. कुणी फार दिवस गप्प दिसले, तर एखाद्या मोठ्या माणसाला त्याच्यापाशी घेऊन जा. मी लाकडाचा. ती महिनाभर माझ्यावर बसून होती, आणि मला उठून कुणाला बोलावता आले नाही. तुम्हाला येते.