उजवी पाकळी

मी हरिबा गुरव. पलूसच्या खालच्या अंगाला आमचं गाव, आन् गावचा कौल माझ्या हातचा. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या छातीवर चिकटवायच्या आन् सवाल घालायचा. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. ह्यात लबाडी करता येती का आसं कुणी इचारलं, तर मी त्याच्या सात पिढ्या काढायचो. करता येती. पाणी कमी लावलं की पाकळी लवकर सुटती.

चव्वेचाळीस सालची गोष्ट. चळवळीच्या त्या वक्ताला फौजदार भ्यानं गावात पाय टाकत न्हवता, निवाडा गावच करायचं. अंबूबाईच्या कृष्णातनं धुळा धनगराला भर दुपारी कोयत्यानं तोडला. भांडण न्हाई, तंटा न्हाई, दारू न्हाई. धुळा कृष्णातच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवायला आल्याला, भाकरी खात हुता. उरलेली भाकरी कृष्णातनं खाल्ली आन् घरी आला.

निम्मं पंच म्हणत, माणूसच नासका हाय, जाऊ दे फासावर. निम्मं म्हणत, लागीर हाय, रोग हाय, त्याचा काय दोष? मग दादासोनं, पंचांच्या म्होरक्यानं, रोग हाय का हा सवाल कौलावर टाकला. आदल्या दिवशी अंबूबाई माझ्या दारात आली. दिस मावळस्तवर बसून राहिली. माझं मेलं काळीज लय मऊ. उजवी पाकळी मी कोरडीच ठिवली.

रोग ठरला. रोग्याला देवळात लांब साखळीनं बांधायची आमची रीत, म्हंजे ते लोढणं माझ्याच गळ्यात. सा म्हैनं कृष्णात देऊळ झाडायचा, हार गुंफायचा, जेवताना म्हणायचा, आदी तुमी घ्या. एका दुपारी हार गुंफता गुंफता म्हणाला, "काका, मला काय झाल्यालं न्हवतं. तुमी पाकळी कोरडी ठिवली, बघितली मी. धुळा खाली वाकून जेवत हुता. मान लय सोपी दिसली."

आन् पुन्हा सुई-दोरा. त्या दिसापास्नं मी पाठ भिंतीला लावूनच बसायला लागलो.

मग दादासोनं दुसरा कौल मागितला, रोग उतरला का म्हणून. सगळं गाव जमलं. धुळाची बायको रंगुबाईबी आली. ह्या खेपेला सोडायचा न्हाई, आसं मी मनाशी पक्कं केलं. उजवी पाकळी गंधात बुडवून अंगठ्यानं दाबली. डावी कोरडी, नुसती टेकवली.

वारा न्हवता. उजवी पडली.

डावी तशीच ऱ्हायली. दादासोनं साखळी काढली. कृष्णात देवाच्या पाया पडला आन् सरळ रंगुबाईजवळ गेला.

"वैनी, मेंढरं आता कुणाच्या रानात बसत्यात?"

माझा धीर सुटला. पयला कौल मीच खोटा केला, ह्याला रोग कवाच न्हवता, ह्येला सोडू नगा, आसं मी बोंबलून सांगितलं. कुणी रागावलंबी न्हाई. कृष्णातकडं सा म्हैनं बघायची तशी सगळी माझ्याकडं बघाय लागली. दादासो हळूच म्हणाला, "हरिबालाबी लागीर लागलं वाटतं."

कृष्णातनं येऊन माझा दंड धरला.

"काका, भिऊ नगा. उतरतंय ह्ये."

तवर रंगुबाई त्याला रानाचं नाव सांगून बसली हुती.